गुळाच्या काहिलीतून मासेमारी

गावातलं गुऱ्हाळ बंद पडलं, तेव्हा भंगारात निघालेली काहील मी विकत घेतली. तळाच्या दोन भोकांना लोखंडी ठिगळं वेल्ड केली, काठाला दोर बांधला, बसायला फळी टाकली. जाळं घेऊन पंचगंगेत उतरलो, तर काहील जागीच गरगरायला लागली. इंजिनिअरिंगची डिग्री पाण्यात!

१५२०च्या सुमारास विजयनगरला आलेल्या पोर्तुगीज डोमिंगो पेसनं तिथल्या कातडं मढवलेल्या, टोपलीसारख्या नावांबद्दल हेच लिहिलंय: वल्हवताना त्या सारख्या फिरत राहतात. त्या निदान नावा म्हणून बनल्या होत्या. आमची काहील रस आटवायची. नाव झाली ती पुरामुळे. २०१९ला पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली होती, तेव्हा आज्जीला अशाच काहिलीतून बाहेर काढलं होतं.

काल चार चिलापी घावल्या. आज्जीनं साफ केल्या, पण काहिलीकडं बघितलं नाही.