ओली शाई की कोरडी भुकटी?

शाळेच्या कार्यालयासाठी प्रिंटर घ्यायचे ठरले की चर्चा किमतीपासून सुरू होते. वास्तविक पहिला प्रश्न हवा तो असा : कागदावर अक्षर उमटते कसे? उत्तर इतिहासात सापडते.

चेस्टर कार्लसन अमेरिकेत एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होते. कागदपत्रांच्या नकला मिळवणे हे तेथे रोजचेच कटकटीचे काम. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागातील भाड्याच्या खोलीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विद्युतभारित केला. काचपट्टीवर शाईने तारीख आणि जागेचे नाव लिहून ती पत्र्यावर ठेवली व वरून प्रकाश पाडला. उजेड पडला तेथील विद्युतभार निघून गेला, अक्षरांच्या सावलीत तो टिकला. वर टाकलेली भुकटी तेवढ्याच जागी चिकटली. मेणकागद दाबताच अक्षरे त्यावर उतरली. १९५९ मध्ये यातूनच 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र आले. पुढे १९६७ मध्ये त्याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांना सुचले, की मूळ कागदाऐवजी संगणकाच्या आज्ञेने लेझरकिरणानेच लिहून घेतले तर? हाच लेझर प्रिंटर.

शाईच्या प्रिंटरचा जन्म निराळा. १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला तापलेली सोल्डरची कांडी लागली आणि शाईचा थेंब उडाला. उष्णतेने वाफेचा बुडबुडा होतो व तो शाईला बाहेर ढकलतो.

डॉट मॅट्रिक्समध्ये मात्र पिना शाईच्या फितीवर आदळतात. आवाज होतो, पण त्या आघातामुळेच खालच्या कार्बन प्रतीही उमटतात. तशा प्रती हव्या असतील, तर बाकीचे दोन्ही प्रकार निरुपयोगी.

आता निवड सोपी होते. शाई ओली असते. मे महिन्याच्या सुटीत यंत्र बंद राहिले तर तिची सूक्ष्म छिद्रे सुकून बुजू शकतात आणि ती साफ करण्यात पुन्हा शाईच खर्ची पडते. भुकटी मुळातच कोरडी, तिला हे भय नाही. तेव्हा शेकडो प्रश्नपत्रिकांसाठी लेझर. रोज रंगीत तक्ते, छायाचित्रे काढायची असतील तर शाई. खरेदीपूर्वी शाईच्या किंवा भुकटीच्या किमतीला तिच्यातून निघणाऱ्या पानांनी भागा. हा भागाकार विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. आणि केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, ते दाखवताना कार्लसन यांच्या रुमालाची गोष्ट जरूर सांगावी.