तरंगते एलएनजी प्रकल्प

तरंगते एलएनजी प्रकल्प : समुद्रतळाखालील नैसर्गिक वायू समुद्रातच शुद्ध करून, थंड करून द्रवात बदलणारे, साठवणारे आणि वाहक जहाजांत भरून देणारे तरंगते कारखाने. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘एफएलएनजी’ म्हणतात.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन हा आहे. वातावरणीय दाबाला सु. −१६२° से. पर्यंत थंड केल्यावर त्याचा द्रव (एलएनजी) होतो आणि आकारमान सु. ६०० पटींनी घटते. त्यामुळे नळवाहिनी पोहोचत नाही अशा दूरच्या देशांनाही तो जहाजाने पाठवता येतो. पूर्वी द्रवीकरणाचे कारखाने फक्त किनाऱ्यावर असत. वायुक्षेत्र किनाऱ्यापासून फार दूर, फार खोल पाण्यात किंवा आकाराने लहान असले, की लांब नळवाहिनी, कारखाना, धक्का व खोदलेला जलमार्ग यांचा खर्च भरून निघत नसे आणि असे साठे पडून राहत. वायू कारखान्याकडे नेण्याऐवजी कारखानाच वायूकडे नेणे, हा त्यावरचा उपाय होय.

एफएसआरयू प्रकारच्या जहाजांचे काम नेमके उलट असते. ती आयात केलेल्या एलएनजीचे पुन्हा वायूत रूपांतर करून तो किनाऱ्यावर पोहोचवतात. रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड बंदरात २०२१ मध्ये आणलेले ‘होग जायंट’ हे जहाज या दुसऱ्या प्रकारातले होते.

शुद्धीकरण : विहिरीतून आलेल्या प्रवाहातून प्रथम पाणी आणि द्रवरूप हायड्रोकार्बने (कंडेन्सेट) वेगळी केली जातात. कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड अमाइनाच्या विद्रावात शोषले जातात, तर उरलेले बाष्प रेणवीय चाळण्या टिपून घेतात. पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड अतिशीत तापमानाला गोठून नळ्या तुंबवतात आणि पारा ॲल्युमिनियमाचे उष्णता-विनिमयक पोखरतो; म्हणून पाऱ्याचा अंशही काढावा लागतो.

द्रवीकरण : शुद्ध वायू उष्णता-विनिमयकातून जात असताना शीतकारक त्याची उष्णता काढून घेतो. दोन मिश्र शीतकारकांचे चक्र इंधन कमी वापरते. पण त्यातील हायड्रोकार्बने ज्वलनशील असतात. नायट्रोजनाच्या प्रसरणावर चालणारे चक्र तुलनेने सुरक्षित व सुटसुटीत असले, तरी त्याची कार्यक्षमता कमी असते. पहिली पद्धत ऑस्ट्रेलियाजवळील ‘प्रील्यूड’ या नौकेवर, तर दुसरी मलेशियाच्या ‘पीएफएलएनजी सातू’ या नौकेवर वापरली आहे. शीतकारकाने घेतलेली उष्णता शेवटी समुद्राच्या पाण्यात सोडली जाते. प्रील्यूडसाठी सु. १५० मी. खोलीवरचे थंड पाणी दर तासाला सु. ५ कोटी लिटर या प्रमाणात वर घेतले जाते.

तरंगत्या पायामुळे येणाऱ्या अडचणी : किनाऱ्यावरचा कारखाना ऐसपैस पसरता येतो. नौकेवर तीच यंत्रसामग्री डेकच्या मर्यादित जागेत एकावर एक रचावी लागते. प्रील्यूडने व्यापलेली जागा तेवढ्याच क्षमतेच्या जमिनीवरील कारखान्याच्या सु. एक-चतुर्थांश आहे. नौका हेलकावू लागली की शोषण-मनोऱ्यांतील द्रव एका बाजूला कलतो आणि वायूशी त्याचा संपर्क असमान होतो. म्हणून मनोऱ्यांच्या अंतर्भागाची रचना हालचाल गृहीत धरूनच करतात. अर्धवट भरलेल्या टाक्यांत द्रव हिंदकळून भिंतींवर आघात करतो. हा आघात कमी व्हावा म्हणून मोठ्या नौकांत टाक्या दोन ओळींत बसवतात.

खोल समुद्रातील नौका बहुधा टरेट या फिरत्या जोडाने नांगरलेली असते. टरेट साखळ्यांनी समुद्रतळाला बांधलेला असून नौका त्याभोवती वारा व लाटांच्या दिशेनुसार वळते. विहिरींकडून येणाऱ्या नळ्याही त्याच्यातूनच वर येतात. वाहक जहाज बहुतेक वेळा नौकेला समांतर लावून लवचीक सांध्यांच्या भरणनळ्यांनी एलएनजी भरतात. समुद्र खवळलेला असल्यास हे काम थांबते. टाक्या भरत आल्या, तर उत्पादनही कमी करावे लागते.

प्रमुख प्रकल्प : नियमित उत्पादन सुरू करणारी जगातील पहिली नौका मलेशियाच्या पेट्रोनास कंपनीची ‘पीएफएलएनजी सातू’ होय. दक्षिण कोरियात बांधलेल्या या नौकेची क्षमता वर्षाला १२ लाख टन आहे. सारावाकजवळच्या कानोवित क्षेत्रात तिने डिसेंबर २०१६ मध्ये पहिले उत्पादन घेतले. २०१९ मध्ये ती साबाजवळच्या केबाबांगान क्षेत्रात हलवण्यात आली. कारखाना एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेता येतो, हे यातून सिद्ध झाले.

शेल कंपनीची प्रील्यूड ४८८ मी. लांब व ७४ मी. रुंद असून पश्चिम ऑस्ट्रेलियातील ब्रूमपासून सु. ४७५ किमी. अंतरावर उभी आहे. तिची वार्षिक क्षमता ३६ लाख टन एलएनजी, १३ लाख टन कंडेन्सेट व ४ लाख टन एलपीजी इतकी आहे. तिच्यातून एलएनजीचे पहिले जहाज जून २०१९ मध्ये रवाना झाले. कॅमेरूनमधील क्रिबीजवळची ‘हिली एपिसेयो’ मात्र नवी बांधलेली नाही. १९७५ मधील एलएनजीवाहक जहाजाचे सिंगापूरमध्ये रूपांतर करून ती तयार केली आणि २०१८ मध्ये तिने उत्पादन सुरू केले. तिच्या वायूवरील काही प्रक्रिया किनाऱ्यावर होते, त्यामुळे डेकवरील यंत्रसामग्री कमी लागते. मोझांबिकच्या रोवुमा खोऱ्यात सु. २,००० मी. खोल पाण्यात एनी कंपनीची ‘कोरल सुल’ ही वर्षाला ३४ लाख टन क्षमतेची नौका काम करते. तिच्यातून पहिली निर्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. सेनेगल व मॉरिटानिया यांच्या सागरी सीमेवरील प्रकल्पात ‘गिमी’ या रूपांतरित नौकेने २०२५ मध्ये उत्पादन सुरू केले.

गुण-दोष : नौकेची बांधणी गोदीत, कुशल मनुष्यबळाकडून होते, दुर्गम किनाऱ्यावर मोठे बांधकाम टळते आणि साठा संपल्यावर नौका दुसरीकडे नेता येते. उलटपक्षी, वायुगळती झाल्यास यंत्रे, द्रवसाठा आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थाने एकाच नौकेवर असल्याने धोका वाढतो. म्हणून निवासस्थाने धोकादायक विभागांपासून शक्य तितकी दूर ठेवतात आणि यंत्रसंचांमध्ये मोकळ्या पट्ट्या सोडतात. नौकेची सर्व कामे तिच्यावरच्या वीजनिर्मितीवर अवलंबून असल्याने एक बिघाडही सगळे उत्पादन थांबवू शकतो. फेब्रुवारी २०२० मधील वीजबिघाडानंतर प्रील्यूडमधील उत्पादन जानेवारी २०२१ पर्यंत बंद राहिले. डिसेंबर २०२१ मधील आगीमुळे व वीज खंडित झाल्यामुळे ते पुन्हा एप्रिल २०२२ पर्यंत थांबले. वायू ज्या देशाचा, त्या देशाच्या किनाऱ्यावर कारखाना उभा राहत नसल्याने तेथे रोजगार व पूरक उद्योगही कमी निर्माण होतात. वायुगळतीतून आणि ज्योतीत वायू जाळण्यातून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन हाही आक्षेपाचा विषय आहे. या गुण-दोषांमुळे किनाऱ्याजवळचे मोठे साठे बहुधा जमिनीवरील कारखान्यांकडेच जातात, तर दूरच्या, खोल पाण्यातील किंवा लहान साठ्यांसाठी तरंगते प्रकल्प निवडले जातात.