तत्त्वज्ञानाचा मान : अमळनेरची कुळकथा

खान्देशातल्या अमळनेरच्या प्रताप मिलचे मालक मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेट यांनी 1916 साली गावात तत्त्वज्ञान मंदिर काढले. कापसावर कमावलेला पैसा अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासाकडे वळला आणि देशभरातून अभ्यासक इथे बोरी नदीच्या काठी येऊन राहिले. साने गुरुजी अमळनेरला आले ते याच मंदिरात शिकायला. प्रताप हायस्कूलमधली शिक्षकी त्यानंतरची. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारख्या बंगाली तत्त्वचिंतकाने मंदिराचे संचालकपद सांभाळले. मंदिरातल्याच मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून लिहिलेला ‘अज्ञान’ हा ग्रंथ 1933 साली लंडनहून निघाला. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे अमळनेरहून निघणारे त्रैमासिक देशाबाहेर वाचले जाई.

पुढे वारा फिरला. नोकरी विज्ञान शाखेच्या वाटेने मिळू लागली आणि हुशार मुलाने सायन्सलाच जायचे असे ठरून गेले. तत्त्वज्ञान घेणाऱ्याला घरचेच विचारू लागले, “हे घेऊन पुढे करणार काय?” त्रैमासिकाचा वारसाही 1973पासून पुणे विद्यापीठातून निघू लागलेल्या ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’कडे गेला.

पण विषय खरेच हलका झाला का? बारावी सायन्सच्या गणिताच्या पुस्तकातला पहिलाच धडा तर्कशास्त्राचा आहे. ‘पाऊस पडला तर बोरीला पूर येतो’ हे विधान घ्या. पाऊस आणि पूर, दोन्हींच्या खरे-खोटेपणाच्या चार जोड्या होतात. त्यांतल्या एकाच जोडीत विधान खोटे ठरते : पाऊस पडला, पण पूर आला नाही. याच चार जोड्यांचे कोष्टक कला शाखेच्या तर्कशास्त्रातही मांडतात आणि संगणकाची मंडले याच नियमांवर चालतात. तरी एका वर्गात ते हुशारीचे लक्षण मानले जाते, दुसऱ्यात मार्क कमी पडल्याची खूण.

म्हणजे विषयाचा मान त्याला आसरा कोण देतो आणि तो कोणत्या शाखेच्या पाटीखाली शिकवला जातो, यावर ठरतो. प्रतापशेटांनी अभ्यासकांच्या पगारापाण्याची सोय केली, तेव्हा गिरणीच्या गावात वेदान्ताला प्रतिष्ठा आली. खान्देशातल्या पालकांनी आणि शिक्षकांनी एवढे तरी करावे : मुलाला विषय निवडून देण्याआधी त्या विषयाचे पुस्तक स्वतः उघडून पाहावे.