बिनतारी माईक आणि भरवशाचा आवाज

सभा म्हटली की माईक आला, आणि माईक आला की तो ऐन वेळी दगा देणार, असे आपण जणू गृहीतच धरून चाललो आहोत. व्याख्यान रंगात आले असता आवाज तुटतो, वक्ता माईकवर दोनदा टिचकी मारतो, श्रोते मान वळवून माईकवाल्याकडे पाहतात आणि दोष कोणाचा याचा निकाल तेथल्या तेथे लागतो. हा निकाल बहुधा चुकीचा असतो. तो चुकीचा का, हे समजण्यासाठी या यंत्राचा इतिहास थोडासा पाहिला पाहिजे. आम्ही इंजिनियर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते ग्रंथालयात आणि कारखान्याच्या फाटकाशी. परंतु तीस वर्षे कामगारांच्या सभांतून बोलण्यात, आणि त्याहून अधिक वेळ त्या सभांची व्यवस्था लावण्यात गेली. ज्या साधनावर आपला शब्द अवलंबून, त्याची माहिती करून घेणे आम्हांस त्यामुळे भागच पडले.

आवाज पोचविण्याचा प्रश्न सभेइतकाच जुना आहे. एप्रिल १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर गिरणी कामगारांची सभा भरविली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि दोन स्त्री-कामगारही त्या सभेत बोलल्या. रविवारच्या सुट्टीची मागणी तेथे मांडली गेली, ती विजेच्या कोणत्याही साधनावाचून, निव्वळ गळ्याच्या बळावर. पुढे १९१५ साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम या दोघांनी विजेवर चालणारा मोठा कर्णा सिद्ध केला. १९ सप्टेंबर १९१९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन दिएगो येथील मैदानात सुमारे पन्नास हजार लोकांपुढे बोलले, ते याच साधनाच्या आधारे. मोठ्या सभेत बोलण्यासाठी पहिलवानाची छाती लागते, ही अट तेव्हापासून सैल झाली. ज्याचा आवाज बारीक पण म्हणणे खरे, अशा माणसालाही मैदान मिळाले. आमच्या मते लोकशाहीवर या यंत्राचे हे मोठे ऋण आहे.

मात्र वक्ता तारेने बांधला गेला. व्याख्यात्याला त्याचे फारसे दुःख नव्हते. तो एका जागी उभा राहूनच बोलत असे. ज्यांचे काम हालचालीवाचून होत नाही, अशा मंडळींना ही तार जाचू लागली. म्हणूनच बिनतारी माईकच्या अगदी आरंभीच्या प्रयोगकर्त्यांमध्ये बर्फावर घसरत नृत्य करणारा एक कलावंत आढळतो, याचे आम्हांस नवल वाटत नाही. इंग्लंडचा रेज मूर्स हा स्केटिंग करणारा, आणि शाही विमानदलात फ्लाइट इंजिनियर म्हणून काम केलेला. त्याने १९४७ साली असे यंत्र तयार केले आणि १९४९ साली ब्रायटन येथे बर्फावर सादर झालेल्या 'अलादीन'च्या खेळात ते एका पात्राच्या पोशाखात बसविले. यंत्र उत्तम चालले. तरीही मूर्सने त्याचे पेटंट घेतले नाही, कारण ७६ मेगाहर्ट्झची जी लहर तो वापरीत होता, ती वापरण्याचा त्याला परवाना नव्हता. निर्मात्यांनीही पुढे ते यंत्र सोडून दिले आणि पडद्याआडून दुसऱ्यांनी बोलावे, कलावंतांनी नुसते नाचावे, ही जुनी रीत पुन्हा चालू केली. तार तोडता येते, परंतु आकाशात जागा कोणाच्या परवानगीने घ्यायची, हा प्रश्न पहिल्याच पावलाला उभा राहिला. तो अद्याप मिटलेला नाही.

यानंतर कारखानदार पुढे आले. अमेरिकेतील शुअर कंपनीने १९५३ साली 'व्हॅगबाँड' नावाचा बिनतारी माईक बाजारात आणला. कानाच्या यंत्रात घालतात तशा दोन बॅटऱ्यांवर तो चाले आणि सुमारे सातशे चौरस फुटांच्या वर्तुळात काम देई. म्हणजे मध्यापासून जेमतेम पंधरा फूट. जर्मनीत झेनहायझर कंपनीने उत्तर जर्मनीच्या नभोवाणीच्या सहकार्याने १९५७ साली 'मिक्रोपोर्ट' तयार केला. १९६४ च्या 'माय फेअर लेडी' या चित्रपटात नट रेक्स हॅरिसन यांनी आधी ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलविण्यास नकार दिला. तेव्हा त्यांच्या टायमध्ये बिनतारी माईक लपवून गाणी प्रत्यक्ष चित्रीकरणातच टिपण्यात आली. त्या चित्रपटाच्या ध्वनीसाठी जॉर्ज ग्रोव्ह्ज यांना ऑस्कर मिळाले. नाव मिळालेला माईकवाला इतिहासात विरळाच. म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

आता भरवशाचा प्रश्न. तार असते तेव्हा आवाजाला जाण्यायेण्यास स्वतःची वाट असते. तार काढली की तो सार्वजनिक रस्त्यावर येतो, आणि रस्त्यावरचे सगळे धोके त्याला लागू होतात. पहिला धोका खरखरीचा. त्यावरचा उपाय एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाने शोधला. लहरीची ताकद कमीजास्त करण्याऐवजी तिची वारंवारता बदलून आवाज वाहून न्यायचा, ही ती एफएमची पद्धत. तिची पेटंटे त्याला १९३३ साली मिळाली. परंतु बड्या कंपन्यांशी पेटंटांवरून चाललेल्या खटल्यांनी तो पिचून गेला आणि १९५४ च्या जानेवारीत त्याने आत्महत्या केली. त्याच्या पत्नीने, मॅरियन यांनी, खटले पुढे चालविले आणि १९६७ पर्यंत ते जिंकून दाखविले. आज आपल्या हातातील बऱ्याचशा बिनतारी माईकांत याच माणसाची बुद्धी काम करीत असते.

एफएमचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. एकाच वारंवारतेवर दोन आवाज आले, तर रिसीव्हर त्यांतला बलवान तेवढा उचलतो आणि दुर्बळाला गाडून टाकतो. बळी तो कान पिळी, हा न्याय येथे शब्दशः चालतो. आमच्या एका अधिवेशनात अहवालवाचन चालू असता कर्ण्यातून अकस्मात शेजारच्या कार्यालयातील लग्नाचे उखाणे ऐकू येऊ लागले. प्रतिनिधी हसले. पण ज्या कंत्राटदाराचे सामान होते, त्याने माईक सांभाळणाऱ्या मुलाची त्या दिवसाची मजुरी कापली. चौकशी केली तेव्हा कळले की, दोन्ही ठिकाणी एकाच वाहिनीवरचे माईक लावलेले होते, आणि आमचा रिसीव्हर लग्नमंडपाच्या भिंतीला चिकटून, कपाटाच्या आड ठेवलेला होता. ती जागा कंत्राटदाराच्याच सोयीची होती. मुलाने करायचे तरी काय? मजुरी परत मिळाली, परंतु त्यासाठी चार माणसांना जाऊन बसावे लागले.

दुसरा धोका आवाज मधूनच नाहीसा होण्याचा. लहर माईकपासून सरळ येते, तशीच भिंतीवर, पत्र्यावर आपटूनही येते. दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींविरुद्ध पडल्या की त्या जागी शून्य होते. ६०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे अर्धा मीटर लांब असते. म्हणून वक्ता एक पाऊल सरकला तरी आवाज जातो आणि दुसऱ्या पावलाला परत येतो. यावरचा तोडगा माईकवाल्यांनी दूरच्या बिनतारी संदेशवहनाकडून उचलला. अमेरिकेच्या आरसीए कंपनीत बेव्हरेज आणि पीटरसन यांनी समुद्रापलीकडून येणारे संदेश एकाहून अधिक अँटेनांनी घेण्याची पद्धत बसविली आणि १९३१ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. एका अँटेनापाशी लहर मेली, तरी त्याच क्षणी दुसरीपाशी ती जिवंत असण्याचा संभव असतो. आजच्या चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना दिसतात, त्या शोभेसाठी नव्हेत.

तिसरा धोका गर्दीचा. येथे साध्या माणसाची अक्कल हमखास फसते. तीन माईक लावायचे, तर ६००, ६०१ आणि ६०२ अशा सारख्या अंतरावर लावू, असे कोणालाही वाटेल. परंतु दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या लहरींतून नव्या लहरी जन्मतात. पहिलीची दुप्पट करून दुसरी वजा करा: ६०० आणि ६०१ यांची पोरे ५९९ आणि ६०२ वर निघतात. म्हणजे तिसऱ्या माईकची जागा आधीच बळकावलेली! म्हणून वारंवारता विषम अंतराने, हिशेब करून निवडाव्या लागतात. जितके माईक अधिक, तितका हा हिशेब अवघड.

बाकीच्या अडचणी यंत्र सुधारत गेले तशा कमी झाल्या. १९४७ सालच्या ट्रान्झिस्टरने बोजा हलका केला, बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ साली शोधलेल्या इलेक्ट्रेट माईकने तो गुंडीएवढा लहान केला, आणि १९७० च्या दशकात आवाज आधी आवळून पाठवायचा व पलीकडे पुन्हा मोकळा करायचा, या युक्तीने उरलीसुरली खरखर दाबली.

परंतु मूर्सपुढे उभा राहिलेला प्रश्न कोणत्याही सुधारणेने सुटला नाही. बिनतारी माईक पिढ्यान्‌पिढ्या दूरदर्शनच्या लहरींमधल्या मोकळ्या जागांत राहत आले. मोबाइल आला आणि त्या जागांना सोन्याचे मोल चढले. अमेरिकेत १२ जून २०१० पासून माईकांना ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा सोडावा लागला आणि १३ जुलै २०२० पासून ६०० च्या पट्ट्याचा मोठा भाग. चालू स्थितीतली यंत्रे नाटकमंडळ्यांनी आणि प्रार्थनामंदिरांनी अडगळीत टाकली. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात ७०० चा पट्टा विकला गेला. ६०० चाही मांडला होता, त्याला त्या वेळी बोली आली नाही. चाळीतून उठविलेल्या भाडेकरूची स्थिती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात असा निर्णय दिला की, आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठावर आपल्याकडचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता सार्वजनिक असेल, तर तिच्यात कीर्तनकाराचा, शाळेतल्या स्नेहसंमेलनाचा आणि फाटकावरच्या सभेचाही वाटा आहे; लिलावात बोली लावणाऱ्याचाच तेवढा नाही. हा वाटा मागायचा, तर आधी आपण त्याचा वापर शिस्तीने केला पाहिजे.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. प्रत्येक कार्यक्रमाला बॅटरी नवी किंवा पूर्ण भरलेली असावी. रिसीव्हर कपाटात न ठेवता वक्त्याला दिसेल अशा उंच जागी ठेवावा, कारण माणसाचे शरीर पाण्याने भरलेले असते आणि पुढच्या रांगेतले श्रोते लहर पिऊन टाकतात. माईकच्या शेपटाशी अँटेना असते. तेथे मूठ आवळू नये. लोक येण्यापूर्वी माईक हातात धरून रंगमंचाचा कोपरान्‌कोपरा चालून पाहावा. एक तारेचा माईक जोडून तयार ठेवावा. आणि गावातल्या सर्व सभागृहांनी मिळून एक वही घालावी: कोणत्या दिवशी, कोणत्या सभागृहात, कोणत्या वारंवारतेवर किती माईक. ही वही माईक सांभाळणाऱ्या कामगारांच्याच हाती असावी, आणि तिच्यात त्यांची नावे लिहिलेली असावीत. आपल्या नगरात हे काम या वसंतातच सुरू करता येईल. वहीचा खर्च आमची संघटना देईल.