गोमंतकांतील पंडित-वैद्य व त्यांचे रोगी

जुन्या वैद्यकाच्या इतिहासांत ग्रंथकर्ते भेटतात, औषधी तर विपुल भेटतात. रोगी मात्र क्वचित् भेटतो. आपल्या घरीं येणाऱ्या वैद्यावर त्याचा कितपत भरंवसा होता, गुण आला असें त्यास वाटलें कीं नाहीं, हें लिहून ठेवण्याचें कोणास प्रयोजन नव्हतें. सोळाव्या शतकांतील गोवें याला अपवाद होय; आणि नवल असें कीं, तेथील रोग्यांची साक्ष बव्हंशीं मनाईहुकमांतूनच निघते.

गोवें शहर इ. स. १५१० त पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. तेथील हिंदु वैद्यांस पोर्तुगीज 'पंडित' म्हणत. १५६७ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेनें ख्रिस्ती माणसांनीं अशा वैद्यांची चिकित्सा घेऊं नये असें ठरविलें. पुढें १५७४ त गव्हर्नर आंतोनियो मोनिज बारेतो यानें त्यांस शहरांत घोड्यावरून वा पालखींतून फिरण्याची मनाई केली. आतां, ज्याला कोणी बोलावीत नाहीं त्या वैद्यास पालखी कोठून परवडणार? सात वर्षांपूर्वींचा निर्बंध रोग्यांनीं कितपत मानला होता हें या दुसऱ्या हुकमावरून उघड होतें.

याहून बळकट पुरावा लिन्सखोटेन या डच प्रवाशाचा. हा १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यास होता, व १५९६ त त्याचा प्रवासग्रंथ छापला गेला. तो सांगतो कीं, खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप व मठांतील साधु हे स्वदेशीय वैद्यांपेक्षां या पंडितांवर अधिक विश्वास ठेवीत. आणि पंडितांच्या डोक्यावर पोर्तुगीजांप्रमाणें छत्री धरली जाई. लिन्सखोटेन हा आर्चबिशपचाच लेखनिक होता, हें येथें ध्यानांत ठेवावें. ज्या धर्मसत्तेनें बंदी घातली, तिच्या मुख्याच्या घरची ही बातमी आहे.

गार्सिया द ओर्ता याची साक्ष वेगळ्या प्रकारची. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ त हिंदुस्थानांत आला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा रोगी व स्नेही. त्याचा संवादरूप औषधिग्रंथ १५६३ त गोव्यास छापला. शरीररचनेविषयीं देशी वैद्यांस ज्ञान नाहीं, असा ठपका तो ठेवतो; पण अनुभवानें ते बरे करतात हें नाकारीत नाहीं. पटकीच्या प्रकरणांत त्यानें आपला 'मोडशी' हा शब्द नोंदला असून पोर्तुगीजांनीं त्याचें 'मोर्देशी' केल्याचेंही सांगितलें आहे. तांदळाची कांजी मिरें व जिरें घालून रोग्यास पाजीत, हेंही तेथेंच आहे. परक्या तोंडांत रोगाचें नांवच मराठी बसलें. तें बहुधा रोग्याच्या उशाशीं बसलेल्या आपल्या वैद्याकडून वा दाईकडून गेलें असावें, असा आमचा तर्क आहे.

या साऱ्यावरून पंडितांचे उपाय अचूक होते असें मात्र कोणीं समजूं नये. रोग्याचें समाधान आणि रोगाचा परिहार या दोन गोष्टी आहेत, आणि वरील कागद पहिलीचेच साक्षी आहेत.

अखेर १६१८ त गोव्याच्या नगरसभेनें परीक्षेची अट घालून हिंदु वैद्यांची संख्या तिसांवर जाऊं नये असें ठरविलें. म्हणजे बंदी जाऊन परवाना आला. गोमंतकांतील ज्या घराण्यांत वैद्यकी वंशपरंपरेनें चालली, त्यांच्या दप्तरांतील बाडें व जमाखर्चाच्या वह्या संग्राहकांनीं पाहाव्यात. औषधांच्या याद्यांपेक्षां वैद्यास कोणी काय बिदागी दिली, त्या ओळी आधीं उतरून घ्याव्यात.