हौदाचे पाणी आणि घरातला घास

दौलताबाद म्हटले की यादवांची देवगिरी, १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीहून हलविलेली राजधानी, खंदक, अंधारी वाट आणि चांदमिनार ही सारी आपल्या मनात गर्दी करतात. सत्तेच्या इतिहासाला हे पुरेसे आहे. पण दातृत्वाचा, म्हणजे एका माणसाने दुसऱ्याची तहानभूक आपली मानण्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास दौलताबादकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. या किल्ल्याशी पाण्याच्या दोन कथा जोडलेल्या आहेत. त्या दोन्ही ख्रिस्ती नाहीत. तथापि महाराष्ट्रातील ख्रिस्ती परोपकाराचा विचार करताना त्या ओलांडून पुढे जाता येत नाही, असे आम्हांस वाटते.

पहिली कथा परंपरेतील आहे. पैठणचे एकनाथ ज्यांच्या चरणांशी शिकले ते जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. या किल्ल्यावर गुरुसेवेत घडलेल्या एकनाथांनी पुढे काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली, असे परंपरा सांगते. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढल्याबद्दल पैठणच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकल्याची कथाही सर्वश्रुत आहे.

दुसरी घटना १९३४ सालची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी थांबले. रमजानचा महिना होता. प्रवासाची धूळ अंगावर असल्याने मंडळींनी दरवाजाबाहेरच्या काठोकाठ भरलेल्या हौदावर तोंड-हातपाय धुतले. एवढ्यावरून एक वृद्ध मुसलमान हौद बाटविल्याची ओरड करीत धावला आणि पाहता पाहता जमाव जमला. हाच अस्पृश्य मुसलमान झाला असता तर त्याला पाणी नाकारले असते काय, असा प्रश्न बाबासाहेबांनी संतापून विचारला, तेव्हा जमाव निरुत्तर झाला. किल्ला पाहण्याची परवानगी अखेर मिळाली, पण किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला. गुरूच्या किल्ल्यावर शिष्याने काय शिकले आणि त्याच किल्ल्याने पुढे काय विसरले, हे या दोन कथा शेजारी ठेवल्या की दिसते.

यावरून दातृत्वाची एक कसोटी हाती लागते. कोणी किती दिले, हा प्रश्न दुय्यम आहे. देणाऱ्याचा हौद घेणाऱ्याच्या स्पर्शाने बाटतो की नाही, हा पहिला प्रश्न होय. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात जो ख्रिस्ती परोपकार उभा राहिला, त्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. त्याला ती सोपी गेली असे मात्र नाही. ज्या लेखनात बाबासाहेबांनी दौलताबादची हकीकत सांगितली आहे, त्यातच त्यांचा बडोद्याचा अनुभवही आहे. १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत असताना पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावण्यात आले. आसऱ्यासाठी ते ज्यांच्याकडे गेले त्यांत एक भारतीय ख्रिस्ती मित्र होते. पत्नीला विचारावे लागेल, असे उत्तर मिळाले. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण. पतीचे विचार बदलले होते, पत्नीचे सोवळे बाप्तिस्म्यानंतरही कायम होते. म्हणजे धर्म बदलला तरी उंबरठा बदलतोच असे नाही.

मग तो बदलतो कशाने? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर मिशनच्या अहवालांत मिळणार नाही. ते शोधावे लागते ज्यांनी स्वतः सोसले आणि सोसत असतानाच इतरांना जवळ केले, अशा माणसांच्या चरित्रांत.

दौलताबादहून पूर्वेस फार दूर न जाता एक उदाहरण सापडते. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वाटेवर होता, परंतु प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईत मोठे वादळ उठले. त्याचा पक्ष घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. एका घराचे असे दोन तुकडे झाले. घर आणि जात गमावलेल्या नारायण शेषाद्रींनी पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ, बेथेल नावाचे गाव वसविले. ज्यांना गावकुसाच्या आत जागा नव्हती अशा मांग-महार समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांचे ते गाव होते. गावाबाहेर काढला गेलेला माणूस गावाबाहेरच्यांसाठी गाव उभारतो, यातील संगती आम्हांस महत्त्वाची वाटते. तुटलेपणाचा अनुभव येथे नुसत्या सहानुभूतीचे कारण झाला नाही, त्याने वस्तीचे रूप घेतले.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हीच संगती अधिक तीव्रतेने दिसते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकविणारे विद्वान. तीर्थयात्रा आणि पुराणकथनावर त्यांचा संसार चाले. १८७० नंतरच्या दुष्काळात दक्षिणेत हे कुटुंब उपासमारीने खचले. वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. रमाबाईंनी या दिवसांविषयी पुढे जे लिहिले, त्यात भुकेइतकीच बोचणारी आणखी एक गोष्ट आहे. आपल्याला अंगमेहनतीचे काम येत नव्हते, आणि वंशाच्या व विद्येच्या अभिमानामुळे ते मागणेही जड गेले, असे त्या सांगतात. शास्त्र मुखोद्गत होते, पण हात रिकामे होते.

त्यानंतरही आघात थांबले नाहीत. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. ऐकू कमी येण्याचा त्रास तेथपासून जन्मभर राहिला. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले. तेथे उच्चवर्णीय विधवांना आपले जातिनियम पाळण्याची मुभा होती. पुण्यात सदन हलल्यावर, मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होत असल्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये हितचिंतकांनीही हात काढून घेतला. रमाबाई पुण्यात बहुतांशी एकाकी पडल्या, त्या येथून.

आणि नेमक्या या एकाकीपणात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी उपाशी मुलींना व तरुण विधवांना गोळा केले. दुष्काळपीडितांच्या छावण्यांत त्यांना बावीस वर्षांपूर्वीचे आपले घरच भेटले असणार. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे या मुलींना केडगावच्या शेतावर न्यावे लागले, आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शारदासदनातील वेगळ्या पंक्तीला येथे जागा उरली नाही, कारण दुष्काळाने जात विचारून माणसे पाठविली नव्हती. अंध मुलींसाठी सोय झाली, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले.

वाचकांनी मुक्तिसदनातील उद्योगांची यादी लक्षपूर्वक पाहावी. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना. ही सारी हाताची कामे आहेत. अनंतशास्त्र्यांच्या घराला जे येत नव्हते, नेमके तेच रमाबाईंनी दोन हजार मुलींना शिकविले. बायबलचे हिब्रू व ग्रीक मुळांवरून सुबोध मराठी भाषांतर त्यांनी स्वतः केले आणि ते याच मुलींनी जुळविलेल्या खिळ्यांनी छापले गेले. संस्कृत पांडित्य आणि अंगमेहनत यांची जी फारकत त्यांच्या आईवडिलांना भोवली, ती केडगावात त्यांनी मिटविली. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

येथे एक आक्षेप टाळून चालणार नाही. दुष्काळात अन्न देणे आणि त्याबरोबर धर्म देणे, याला निरपेक्ष परोपकार म्हणता येईल काय? भुकेल्या मुलीच्या संमतीला किती अर्थ असतो? हा प्रश्न रमाबाईंच्या हयातीत विचारला गेला, आजही विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्या सर्वांनाच संकुचित ठरविणे अन्यायाचे होईल. मुक्तिसदनात मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली, हे खरे आहे. पण प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. या मुलींना घेण्यासाठी दुसरे कोणते दार उघडे होते, असे उलट विचारावे लागते. त्यातही बालविधवा आणि फसविल्या गेलेल्या स्त्रिया यांना परत घरी घेण्यास समाज किती तयार होता? आक्षेप आणि उपकार दोन्ही नोंदवूनच हा इतिहास लिहिला पाहिजे. एकाने दुसरे पुसले जात नाही.

रमाबाईंनी संस्था उभारली. लक्ष्मीबाई टिळकांजवळ फक्त घर होते. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चे प्रकाशन १९३४ पासून भागाभागाने झाले, म्हणजे दौलताबादची घटना आणि हे पुस्तक एकाच काळातील. पुस्तकाच्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. १८५७ च्या उठावानंतर घरावर आलेल्या फाशीच्या आघाताने हे गृहस्थ सोवळ्याच्या इतके आहारी गेले, की बाजारातून आलेले मीठ-साखरही धुतल्यावाचून घरात येईना. याच घरातील मुलगी पुढे कोणाही माणसाच्या हातचे पाणी घेण्यास सिद्ध झाली.

तो प्रवास सोपा नव्हता. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जिवंतपणी वैधव्यासारखी स्थिती आली. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या, तेव्हाही आपला स्वयंपाक त्या वेगळा करीत. जात देवाने केली की माणसाने, याचा विचार त्यांनी आपल्याच साध्या बुद्धीने केला, आणि ती माणसाचीच करणी असल्याचे पटल्यावर शिवाशीव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. हा क्रम लक्षणीय आहे. बडोद्याच्या त्या दांपत्यात धर्म आधी बदलला आणि उंबरठा तसाच राहिला. येथे उंबरठा आधी बदलला.

टिळकांचे औदार्य मराठी वाचकांस परिचित आहे. आलेला पगार घरी पोहोचेपर्यंत वाटला जाई. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे मानणाऱ्या या कवीच्या वृत्तीत संतांचा अपरिग्रह भिनलेला होता. परंतु घरात आलेल्या प्रत्येक अनाथाचे, आजाऱ्याचे, निराश्रिताचे ताट वाढावयाचे कोणी? दात्याचे नाव इतिहासात जाते, वाढणारीचे जात नाही. 'स्मृतिचित्रे'ने ही उणीव भरून काढली. स्वतःची मुले गमावलेली, पैशाची सततची ओढाताण सोसणारी ही बाई दुष्काळात आणि प्लेगात परक्यांच्या मुलांचे करते, पतीच्या भोळ्या दानशूरपणावर चिडतेही, आणि हे सारे विनोदाच्या सुरात सांगते. त्या विनोदामुळे तिचा त्याग आपल्यावर उपकारासारखा लादला जात नाही.

मराठी काव्याचाही या घराशी ऋणानुबंध आहे. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात गाजलेला किशोर त्र्यंबक ठोंबरे पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. बालकवींच्या कवितेचा अभ्यास करताना निसर्गप्रेमाची चर्चा आपण पुष्कळ करतो. त्या अस्वस्थ मुलाला ज्या स्वयंपाकघरात आपलेपण मिळाले त्याची नोंद वाङ्मयेतिहासात सहसा एका ओळीची असते. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. फारसे शालेय शिक्षण न मिळालेल्या स्त्रीने पतीचे महाकाव्य पुरे करावे, हाही सांभाळ करण्याचाच एक प्रकार होय.

या तिघांच्या चरित्रांवरून एखादा ठोकळ नियम काढण्याचा मोह होतो. दुःख माणसाला उदार करते, असे म्हणून टाकणे सोपे आहे. पण लक्ष्मीबाईंच्या वडिलांनाही दुःखच भोगावे लागले होते, आणि त्याने त्यांचे दार अधिक घट्ट लागले. दुःख दोन्ही दिशांनी नेऊ शकते. शेषाद्री, रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांनी आपल्या वाट्याच्या दुःखातून दुसऱ्याच्या दुःखाची खूण ओळखली आणि त्यासाठी आपले काहीतरी मोडू दिले. कोणाची जात मोडली, कोणाचा विद्येचा अभिमान, कोणाचे सोवळे. ख्रिस्ताची शिकवण त्यांना बळ देणारी होती, यात शंका नाही. पण तीच शिकवण ऐकलेले दुसरे एक घर बडोद्यात बंद राहिले, हेही नाकारता येत नाही.

अशा वेळी देवगिरीवर घडलेल्या त्या वैष्णवाची आठवण अपरिहार्य ठरते. कावड गाढवाच्या मुखी ओतताना एकनाथांनी आपल्या यात्रेचे फळ सोडले होते. केडगाव, बेथेल आणि अहमदनगरचे ते घर यांची वंशावळ आम्ही म्हणूनच केवळ वाँटेजपर्यंत किंवा मिशनच्या कचेरीपर्यंत नेऊन थांबवीत नाही. तिची एक मुळी मराठी भूमीतही आहे. अभ्यासक्रमात संतसाहित्य, ख्रिस्ती साहित्य आणि दलित साहित्य ही तीन प्रकरणे आपण निरनिराळी शिकवितो. दौलताबादच्या हौदाकाठी उभे राहिले तर ती एकाच प्रश्नाची तीन उत्तरे म्हणून वाचता येतील. तो प्रश्न बाबासाहेबांनी १९३४ मध्ये तेथे मोठ्याने विचारला होता.