पाण्याचा दर आणि पाण्यातला वाटा

अल ऐनच्या मरूद्यानांत खजुरांच्या बुंध्यांमधून वाहणारा अरुंद पाट आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांनी सुटीच्या दिवशी पाहिला असेल. त्याला फलज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी मूळ विहीर खणायची, तेथून जमिनीखालून मंद उताराचा बोगदा काढीत पाणी वस्तीपर्यंत आणायचे, आणि वाटेत गाळ उपसण्यासाठी व हवेसाठी ठरावीक अंतरावर झरोके ठेवायचे, अशी ही रचना आहे. हिली येथील उत्खननात सापडलेले फलजांचे अवशेष सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. अल ऐनच्या सांस्कृतिक स्थळांना युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०२० मध्ये फलजविषयक परंपरा व ज्ञान यांचाही अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. पर्यटकासाठी एवढी माहिती पुरते. आम्हांला मात्र या पाटापेक्षा त्याच्या हिशेबाचे कुतूहल अधिक आहे. पाण्याचा हिशेब कोण ठेवतो आणि त्यात कोणाचे नाव असते, हा प्रश्न आपल्या इतिहासाशी जितका जोडलेला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या समाजाच्या इतिहासाशी असेल.

फलज ही कोणा एका मालकाची नसे. पाणी वेळेत वाटले जाई. साधारण अर्ध्या तासाचा एक वाटा, त्याला अथर म्हणत. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजली जाई. वाटप पाहणारा अरीफ हा गावाने मानलेला माणूस असे, आपल्याकडच्या फड पद्धतीतल्या पाटकऱ्यासारखा. काही वाटे फलजच्याच नावे राखून ठेवलेले असत. ते भाडेपट्ट्याने किंवा लिलावाने दिले जात आणि त्या उत्पन्नातून गाळ काढणे, बोगदा दुरुस्त करणे हे खर्च भागत. आजच्या भाषेत सांगायचे तर ही ना नफा तत्त्वावर चालणारी पाणीसंस्था होती. पाणी शेतांत शिरण्यापूर्वी, जिथे फलज प्रथम उघड्यावर येई तिथे, पिण्याचे पाणी भरण्याची जागा असे आणि तेथून पाणी घेण्याला मोल नसे. तहान भागवण्याचा हक्क माणसाला आणि जनावरालाही आहे, हे इस्लामी विधीतले जुने तत्त्व त्यामागे होते.

या व्यवस्थेतही एक उणीव होती. पिण्याचे पाणी सर्वांचे असले तरी शेतीच्या पाण्याचे वाटे विकता येत, गहाण पडत आणि वारशाने वाटले जात. त्यामुळे पिढ्या उलटत गेल्या तसे ते मोजक्या धनिकांच्या हाती एकवटले आणि लहान बागायतदार त्यांच्याकडून पाणी विकत घेऊ लागला. १९४६ साली शेख जायद बिन सुलतान अल नहयान यांची अल ऐन परिसराचे शासक-प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली. त्यांनी जुन्या फलज साफ करवून घेतल्या आणि अल सारूज ही नवी फलज खणायला घेतली. त्या कामाला सुमारे अठरा वर्षे लागली. मोठ्या वाटेकऱ्यांना, त्यांत स्वतःच्या आप्तांनाही, त्यांनी जुने हक्क सोडायला लावले आणि पाणी बागायतदारांना विनामूल्य खुले केले. शासकाला पाण्याचा दर थोडा उतरवून थांबता आले असते. त्याऐवजी वाट्यांची यादीच बदलली गेली, आणि आम्हांला या हकिकतीत हेच महत्त्वाचे वाटते.

पुढे तेल आले, समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने आले आणि पाण्याचा हिशेब फलजवरून मीटरवर गेला. अबू धाबी अमिरातीने १९९८ च्या कायद्याने पाणी व वीज यांचे प्राधिकरण स्थापन केले आणि त्याच कायद्याने कंपन्यांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक विभागही निर्माण केला. २०१८ पासून हे काम ऊर्जा विभागाकडे आहे. २०१५ च्या जानेवारीपर्यंत तेथील नागरिकांना घरगुती पाण्याचे मोल द्यावे लागत नव्हते, तर परदेशी रहिवाशाला हजार लिटरला २ दिरहम २० फिल्स पडत. त्या महिन्यापासून मर्यादेतील वापरासाठी नागरिकांना १ दिरहम ७० फिल्स आणि रहिवाशांना ५ दिरहम ९५ फिल्स असा दर लागू झाला. पुढे हे आकडे आणखी वाढले. येथील रहिवासी म्हणून आपण वरच्या श्रेणीत आहोत, पण श्रेणी कोणतीही असली तरी नळ सर्वांच्या घरी आहे. दर हा कोष्टकातला आकडा असतो. वाटा म्हणजे त्या कोष्टकात आपल्या नावाची ओळ असणे. संगणकाच्या धंद्यातल्या माणसाला हा फरक चटकन कळतो: ओळच नसेल तर आकडा बदलून काही होत नाही.

महाडच्या चवदार तळ्याचा दर शून्य होता. तळे नगरपालिकेचे, म्हणजे सार्वजनिक पैशाने राखलेले. तेथे पाणी भरायला हिंदूंना मज्जाव नव्हता, मुसलमानांना नव्हता. मज्जाव होता तो फक्त अस्पृश्यांना. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला आणि सरकारी पैशाने बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली करण्यास सांगितले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. बोले ठरावाच्या बरोबर चौथ्या वर्षदिनी! डिसेंबरमध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला. तळे हे अनादी वहिवाटीने केवळ स्पृश्यांच्याच वापराचे आहे, असा त्यांचा दावा होता. खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही वहिवाट सिद्ध झाली नसल्याचा निकाल दिला.

हा घटनाक्रम आपल्याला तोंडपाठ आहे, तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. तळ्यावर अन्याय करणारी संस्था लोकनियुक्त होती, नफा कमावणारी नव्हती आणि स्थानिक लोकांच्याच हाती होती. आज पाण्याविषयी लिहिणारे अनेक सज्जन ‘पाणी समाजाच्या हाती द्या, सरकार व बाजार दूर ठेवा’ असे म्हणतात, तेव्हा आम्ही थोडे थबकतो. कोणता समाज, हा प्रश्न आपल्याला विचारावाच लागतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रामप्रजासत्ताकांच्या गौरवाचा कठोर शब्दांत समाचार घेतला होता. त्या कठोरपणामागे महाडची दहा वर्षे होती असे आम्ही समजतो.

मग त्यांना काय हवे होते? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणून पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी आणि १९४५ मधील केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग हे त्या काळातले काम. मात्र आपल्या विषयासाठी त्याहून मोलाचे आहे ते १९४७ चे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन. त्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जात वा पंथ न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असे भेदच उरणार नाहीत, अशी योजना आहे. या शेतीला पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवायचे आणि त्याचा मोबदला उत्पन्नातून आकारायचा. बाबासाहेबांनी पाणी फुकट मागितलेले नाही, आकारणी त्यांना मान्य होती. पण आकारणीच्या आधी त्यांनी सभासदत्वाचा प्रश्न सोडवला होता.

याच वाटेवर त्यांच्या आधी जोतीराव उभे दिसतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली पूर्ण झाला. त्यात पाटबंधारे खात्यावर ओढलेले आसूड आजही झोंबतात. पाण्याचा पैसा वसूल करताना तत्पर असणारे खाते पाणी पुरेसे आणि वेळेवर पोचवण्याची हमी घेत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. दर घ्यायचा असेल तर मोजून पाणी द्या, ही मागणी त्यात अनुस्यूत आहे.

जोतीरावांची मागणी कायद्यात उतरायला सव्वाशे वर्षे लागली. २००५ साली महाराष्ट्राने दोन कायदे केले. एकाने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. पाण्यासाठी असे नियामक मंडळ नेमणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. दुसरा कायदा सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा. व्यवस्था अशी की धरणाचे पाणी पाणीवापर संस्थेला घनमापाने मोजून द्यायचे, त्याचा ठोक दर प्राधिकरणाने लोकांचे म्हणणे ऐकून ठरवायचा आणि व्यवस्थापन व देखभालीचा पूर्ण खर्च त्यातून निघावा असे पाहायचे. संस्थेने पुढे आपल्या सभासदांकडून किती घ्यायचे ते संस्थेने ठरवावे. या संस्था नफ्यासाठी नाहीत. नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणावर ओझरच्या शेतकऱ्यांनी कायद्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या दशकाच्या आरंभी, अशा संस्था उभ्या केल्या होत्या. त्यांपैकी एकीला महात्मा फुले यांचे नाव दिलेले आहे, ते आम्हांला फार समर्पक वाटते.

कायद्यात चांगले पुष्कळ आहे. संस्थेच्या संचालक मंडळात पाटाच्या मुखाकडचे, मध्यावरचे आणि शेपटाकडचे असे तिन्ही भागांतले शेतकरी असावेत, हे त्यात लिहिलेले आहे, कारण शेपटाला पाणी पोचत नाही हा सर्वांचा अनुभव. परंतु सभासद कोण? लाभक्षेत्रातील जमिनीचा धारक वा भोगवटादार. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याचे नाव पाण्याच्या यादीतही नाही. धरण सर्वांच्या करातून बांधले गेले आणि भूमिहीनांच्या श्रमातून उभे राहिले, पण हक्काची मोजणी मात्र जमिनीवरून झाली. मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्या किती वस्त्यांत सिंचनाखालची जमीन आहे, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरते आठवून पाहावे. प्राधिकरण दराची छाननी करते, उद्योगाला किती, नगरपालिकेला किती, ग्रामपंचायतीला किती हे ठरवते. सभासदत्वाची चौकट मात्र त्याच्या अखत्यारीबाहेर राहते. याच प्राधिकरणाच्या कायद्यात आणखी एक विचित्र कलम आले: दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्याने शेतीच्या पाण्यासाठी दीडपट दर द्यावा. कुटुंबाची गणती करायचीच होती, तर ती दंडासाठी करण्याऐवजी वाट्यासाठी करता आली असती.

तशी गणती कोणी केलीच नव्हती असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे काम सुरू केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडके होते. पाणी जमिनीच्या आकारावर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचे, माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसासारखे तहानलेले पीक घ्यायचे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. योजनेच्या खर्चातला काही भाग लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा, म्हणजे पाणी फुकट नव्हतेच. अल ऐनला विकत घेतलेल्या वाट्यांमुळे जे झाले, ते टाळण्याची तरतूद पुरंदरच्या माळावर आधीच केलेली होती. २००५ च्या कायद्यांनी मोजून पाणी देण्याचे तत्त्व उचलले, दर ठरवण्याचे उचलले, पण माणशी वाटा उचलला नाही. कायदा करणाऱ्यांना नायगाव ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

पिण्याच्या पाण्याची गोष्ट याहून जवळची. ग्रामपंचायतीची सामान्य व विशेष पाणीपट्टी कायद्याच्या चौकटीत ठरते आणि बौद्धवाड्यातल्या घराला ती गावातल्या घराइतकीच असते. पण कितीतरी गावांत बौद्धवाडा जलवाहिनीच्या अगदी टोकाला आहे, आणि टोकाच्या नळाला पाणी शेवटी व कमी येते. पाटाच्या शेपटाचा विचार करणारा कायदा झाला, नळाच्या शेपटाचा तसा झालेला नाही. २०१९ च्या जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र एक दार किलकिले ठेवले आहे. गावच्या पाणी व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या, पाव भागापर्यंत ग्रामपंचायत सदस्य आणि उरलेला पाव भाग अनुसूचित जाती-जमातींसह दुर्बल घटकांचा, लोकसंख्येच्या प्रमाणात. निम्म्याहून अधिक वस्ती अनुसूचित जाती-जमातींची असेल, तर भांडवली खर्चातला गावाचा हिस्सा दहा टक्क्यांऐवजी पाच टक्के. दर महिन्याची आकारणी ठरवताना याच समितीचे म्हणणे चालते, आणि पाणी सोडण्याचे वेळापत्रकही येथेच ठरते.

आपली कुटुंबे दुबई, शारजा, अबू धाबीहून गावच्या विहारासाठी, जयंतीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी पैसे पाठवतात. पुढच्या वेळी गावी फोन लावाल तेव्हा समितीच्या यादीत आपल्या वस्तीतल्या कोणाकोणाची नावे आहेत आणि त्यांना बैठकीचे निमंत्रण येते का, एवढे विचारून घ्या. यादी ग्रामपंचायतीच्या दफ्तरी असते, आणि ती मागण्याचा हक्क वस्तीतल्या कोणालाही आहे.